बंदुकीची आंघोळ

ठासणीची बंदूक उडायला क्षण पुरतो, भरायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि धुवायला अख्खी संध्याकाळ जाते. हा हिशेब ज्याला परवडत नाही त्यानं कुत्रं पाळावं. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं माझं आजोळ. तिथल्या बऱ्याच घरांत दोन्ही असायचं. कुत्रं अंगणात, आणि बंदूक माजघरात तुळईखाली दोन खुंट्यांवर आडवी. कुत्र्याला रोज भाकरी मिळायची, बंदुकीला वर्षातून चार-दोनदा दारू. तरी नखरे तिचेच जास्त.

ज्यांनी बंदूक फक्त सिनेमात बघितली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ठासणीच्या बंदुकीला मागचं दार नसतं. जे काही आत जायचं ते तोंडातूनच. आधी मोजून दारू, त्यावर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि दर वेळी लांब गजानं तळापर्यंत ठासायचं. मग घोडा मागं ओढायचा आणि नळीच्या बुडाशी जे पोकळ बोंड असतं त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बारीक भोकातून आत जाते आणि बार होतो. होतो म्हणजे व्हावा, अशी सगळ्यांची इच्छा असते.

एवढी सावकाश चालणारी वस्तू सरकारच्या मनात भरली यात नवल नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तेराव्या कलमात तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखरच हवी असेल तर तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथं म्हटलं आहे. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी ही बंदूक हाताळलेली असणार असा मला दाट संशय आहे. रागाच्या भरात हिचा उपयोग करता येत नाही. दारू मोजेपर्यंत राग निम्मा उतरतो, बोळा शोधेपर्यंत उरलेला उतरतो, आणि नळी घाण असली तर गज मध्येच अडकून नवा राग येतो, तो बंदुकीवर.

याच राज्यात, म्हणजे ज्या कर्नाटकात आपण १ नोव्हेंबर १९५६ पासून आहोत आणि ज्याच्या सीमेबद्दलचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे त्या राज्यात, कोडगूच्या कोडवांना परवान्याचीच माफी आहे. इंग्रजांच्या काळातली ही सवलत केंद्र सरकारनं २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली. बेळगावच्या शेतकऱ्याला अशी माफी नाही. त्याला अर्ज, शिक्का, फोटो आणि नूतनीकरण. सीमाभागातल्या माणसाचं आयुष्य तसंही अर्ज करण्यात जातं, त्यात हा एक आणखी. नाही म्हणायला, परवान्याची मुदत २०१९ च्याच दुरुस्तीनं तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. अर्ज करायला मधली दोन वर्षं मोकळी मिळाली.

परवाना पिकाच्या राखणीचा, म्हणून डुक्कर मारता येतं असं मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानडुकराला संरक्षण आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या केसाला धक्का लावता येत नाही. भीमगडचं जंगल २०११ मध्ये अभयारण्य झालं तेव्हापासून तर आमच्या आजोळच्या डुकरांची चालच बदलली आहे असं मामा सांगतो. तेव्हा राहता राहिला नुसता आवाज. भात पोटरीला आला, रताळ्यांचे वेल पसरले, की रात्री माळ्यावरून हवेत एक बार काढायचा. डुकरं पळतात, अर्ध्या तासानं परत येतात. बाराचा आवाज डोंगरात विरतो. नळीत उरते ती काजळी.

ती काजळी हाच खरा विषय.

पहिला बार भरताना गज सरळ तळाला जातो. दुसऱ्या वेळी कुठंतरी किंचित खरखरतो. चौथ्या-पाचव्या वेळी बोळा अर्ध्या वाटेत बसतो आणि उठायला तयार होत नाही. अशा वेळी माणसं काय काय करतात ते बघण्यासारखं असतं. कुणी गजावर सगळा भार टाकतो. कुणी गजाचं टोक दगडावर आपटतो. कुणी शेजाऱ्याला बोलावतो आणि मग दोघं मिळून ढकलतात. यात अडाणीपणा नाही, जगातल्या मोठ्या फौजांनीही हेच केलं आहे. नेपोलियनशी लढणाऱ्या इंग्रजांच्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला लाकडी हातोड्या दिल्या होत्या, गोळी नळीत ठोकायला. रायफलीचं दुखणं आमच्या बंदुकीपेक्षा मोठं. गावची बंदूक आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पिळाच्या चऱ्या असतात, गोळी त्यांत घट्ट बसावी म्हणून, आणि काजळीला तर लपायला अशीच जागा हवी असते.

आज्जाचं या सगळ्यावर एकच सांगणं होतं. “गज ढकलू नको गा, नळी धू.”

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही, घन पदार्थच राहतात. त्यातलं काही धुराबरोबर बाहेर पडतं, बाकीचं नळीला आतून चिकटतं. त्यात पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. आता आजोळची हवा कशी म्हणाल, तर तिथून पुढं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात वाळत घातलेलं धोतर घटस्थापनेपर्यंत दमट लागतं. अशा हवेत रात्री बार काढून बंदूक तशीच टांगली तर सकाळी नळीत काळा चिखल तयार, आणि दोन दिवसांत त्याखाली गंज. निपाणीकडं, वडिलांच्या गावाला, हवा कोरडी. तिथं हीच काजळी वाळून खापरीगत कडक होते आणि गजाला दाद देत नाही. तिथं बंदुका तशा कमीच. तंबाखूच्या रानाला जनावर सहसा तोंड लावत नाही, ती खोड माणसाचीच. उसाला आणि शेंगांना मात्र डुक्कर दोन्हीकडं सारखंच.

पाण्यानं विरघळणारी घाण पाण्यानं धुवावी, यात वाद घालण्यासारखं काही नाही. तरी वाद व्हायचा. लोखंडाला पाणी म्हणजे गंज, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की धाकट्या मामानं एकदा बेळगावहून गंज घालवायच्या तेलाचा फवाऱ्याचा डबा आणला आणि पाण्याऐवजी तेच नळीत मारलं. यंत्राचं तेल आणि दारूची काजळी एकत्र आली की त्याचं डांबर होतं. पुढचा बोळा त्यात असा रुतला की तो उपसायला गावातला फौजेतून आलेला सुभेदार बोलवावा लागला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळं आमच्याकडं दर दोन-तीन घरांआड असा एक तज्ज्ञ मिळतो. या पलटणीचा इतिहास १७६८ पासूनचा, आणि सुभेदारांच्या बोलण्यावरून ते तेव्हापासून हजर असावेत. त्यांनी गजाच्या टोकाला वाकडा स्क्रू लावून बोळा काढला, डबा उचलून हुंगला आणि मामाला म्हणाले, “हे दरवाजाच्या बिजागरीला ठेव. हिला उकळतं पाणी दे. पलटणीत आम्ही थ्री-नॉट-थ्रीलासुद्धा पाणीच घालायचो.”

आज्जाला एवढं पाठबळ पुरेसं होतं. “पाणी वाईट न्हवं,” तो म्हणाला. “पाणी ऱ्हाणं वाईट.”

मग ती आंघोळ. मी ती इतक्या जवळून बघितली आहे की नळीतलं पाणी माझ्या सदऱ्यावर उडालेलं आहे. आधी नळी दस्त्यापासून सुटी करायची. बोंड चावीनं फिरवून काढायचं आणि वाटीत ठेवायचं, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे पोरांना पहिल्यांदा दिसेल अशा ठिकाणी. नळीचं बूड बादलीतल्या कढत पाण्यात उभं करायचं. पाण्यात रिठ्याचा फेस. गजाच्या टोकाला ओली चिंधी घट्ट गुंडाळून वरून खाली आणि खालून वर न्यायची. गज वर ओढला की बुडाच्या भोकातून पाणी नळीत चढतं, खाली दाबला की परत बादलीत येतं, पण काळं होऊन. सडक्या अंड्याचा वास परसभर पसरतो, हा गंधकाचा निरोप. आज्जी त्या वेळी पदर नाकाला लावून स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. पहिलं पाणी काजळासारखं, मग राखेच्या रंगाचं, आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं.

शेवटचं पाणी सर्वांत कढत हवं. त्यात मर्म आहे. नळीला हात लावता येऊ नये इतकी ती तापली पाहिजे, म्हणजे आतला ओलावा आपोआप उडून जातो. कोमट पाण्यानं आंघोळ घातली तर नळी ओलीच राहते आणि सगळी मेहनत गंजाच्या पथ्यावर पडते. पाणी कढत आहे की नाही हे आज्जा थेंब हातावर घेऊन बघायचा नाही, आज्जीला विचारायचा. चूल तिची होती. “ह्या बयेला गरम पाणी, रिठं, तेल,” ती म्हणायची, “आणि मला न्हायला बंब पेटवायचा म्हटला की घरातली लाकडं संपत्यात.” या तक्रारीला आज्जाकडं उत्तर नव्हतं. तो चिंधी बदलायचा.

नळी सुकली की कोरड्या चिंध्या. सुभेदार चार इंच बाय दोन इंचाच्या चिंधीचा आग्रह धरायचे, फौजेतलं माप. आज्जा जुन्या धोतराच्या वाटेल त्या मापाच्या चिंध्या फाडायचा. मग बोंडाचं भोक सुईनं मोकळं करायचं, कारण काजळीचा एक कण तिथं अडकला की टोपी नुसती टक्‌ करते आणि डुक्कर मान वर करून बघतं. आता मुलं म्हणतील, फुंकून बघू की. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, ते सोनाराला ठीक. बंदुकीच्या नळीला तोंड लावायची आज्जाच्या घरात कुणाची हिंमत नव्हती. नळी बोंडापासून वेगळी, धुतलेली, रिकामी आहे हे माहीत असूनसुद्धा.

तेलाचं प्रकरण आणखी बारीक. आमच्याकडं तेलांना तोटा नाही: शेंगतेल, करडई, जवस, खोबरेल. जवसाचं तेल हवेत वाळून त्याचा चिकट पापुद्रा होतो, म्हणून ते दस्त्याच्या लाकडाला उत्तम आणि नळीला वाईट. खोबरेल नळीला चालतं, पण मार्गशीर्षातल्या थंडीत गोठून बोंडाचं भोक बुजवून टाकतं. आज्जा पोळ्यातलं मेण खोबरेलात वितळवून त्याचा मऊ मलम करायचा आणि चिंधीवर बोटभर घेऊन नळीतून एकदाच फिरवायचा. एकदाच. तेल जास्त झालं तर तळाशी साचतं, पुढच्या वेळी दारू त्यात भिजते आणि फुसका बार होतो. म्हणून भरण्याआधी कोरडी चिंधी पुन्हा फिरवून नळीचं तेल टिपायचं. ज्या हातानं लावायचं त्याच हातानं पुसायचं. आज्जीला हे कधी पटलं नाही, आणि मला तिचा मुद्दा आजही समजतो.

हा मेणतेलाचा प्रकार आज्जाच्या डोक्यातून निघाला असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. मग आज्ञापत्र वाचलं. रामचंद्रपंत अमात्यांनी ते अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत लिहिलं. स्वराज्य, राजनीती, सावकार, आरमार अशा भारदस्त विषयांबरोबर पंतांनी किल्ल्याच्या प्रकरणात पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांचे काने, म्हणजे बत्ती द्यायची भोकं, मेणानं भरून ठेवावेत, वर छप्पर करावं, असंही बजावून सांगितलं आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावं, हेही. पाच छत्रपतींची कारकीर्द बघितलेला माणूस राज्य कसं राखावं सांगायला बसला आणि मेणापर्यंत आला. इतिहासाच्या शालेय पुस्तकात यातलं मेण गाळून उरलेलं छापतात. पंतांना कुणीतरी गंजलेली तोफ ऐन वेळी दाखवली असणार, त्याशिवाय प्रधान माणूस इतक्या खाली उतरत नाही.

गज सुलभ जावा एवढ्याशा सोयीपायी एक राज्य हादरलेलंही आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती. नळी ०.५७७ इंच व्यासाची, आत तीन चऱ्या. कागदी काडतुसाच्या टोकाला चरबी लावलेली, ती गोळी नळीतून घसरत खाली जावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. ही चरबी कुठली, हे विचारल्यावर कंपनी सरकारला धड उत्तर देता आलं नाही. जानेवारी १८५७ मध्ये हुकूम निघाला की शिपायांनी आपल्या हातानं, आपल्याला चालेल ते वंगण लावावं. तोवर उशीर झाला होता. चरबीच्या नुसत्या संशयाची हवा दक्षिणेत पोचली, आणि ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. निपाणीपासून कोल्हापूर ते किती लांब? बेळगाव आणि धारवाडच्या छावण्यांतल्या साहेबांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावी. पुढं हत्यारं जमा करायचा हुकूम आला आणि मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडरांनी तो मानला नाही. नोव्हेंबरात इंग्रजी फौजेनं ते गाव बेचिराख केलं.

एन्फील्डची गोळी पुढं ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणली. तापलेल्या, काजळलेल्या नळीत ती अडकत होती, म्हणून बारीक केली. हे आधी केलं असतं तर वंगणाची एवढी मातब्बरी राहिली नसती. आज्जाला हे मी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की त्यांच्याकडं गरम पाण्याला बाईमाणूस नसणार.

कित्तूर तर बेळगावचंच. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे किल्ल्यासमोर गोळी लागून पडला. गोळी अमटूरच्या बाळप्पाची, असं परंपरा सांगते. इंग्रजी कादंबरीकार थॅकरेचा हा काका. पहिल्याच दिवशी, गर्दीत, नेमका तोच माणूस टिपायचा तर नळीत आदल्या दिवशीची काजळी असून चालणार नाही. बाळप्पानं आदल्या संध्याकाळी बंदूक धुतली होती हा माझा तर्क आहे. पुरावा मागू नये.

आता ही बंदूक डुकरांपेक्षा निवडणुकांना जास्त घाबरते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत, कुठली ना कुठली आचारसंहिता लागते आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. “गन तर्तीरेन्री?”, बंदूक आणताय ना, असं दारात विचारणारा हवालदार भला माणूस असतो, चहा घेतो, परवान्यावरचं कानडी वाचून दाखवतो. मग बंदूक दोन-अडीच महिने एका खोलीत, शंभर भावंडांबरोबर, चिठ्ठी बांधून उभी. ठाणं कुठलं ते सांगत नाही, पण छप्पर गळकं होतं आणि निकाल लागेपर्यंत पावसानं वेळ साधली होती. परत आली तेव्हा गज नळीतून निघेना. ज्या उमेदवाराच्या निवडणुकीसाठी ती जमा झाली होती तो एव्हाना निवडून येऊन दुसऱ्या पक्षात गेला होता. बंदूक मात्र जिथल्या तिथं. आज्जानं तीन दिवस पाणी तापवलं.

तेव्हापासून आमच्याकडं रीत पडली आहे, की ठाण्यात नेण्याआधी तिला आंघोळ घालायची, मेणतेल नेहमीपेक्षा जाड लावायचं, तोंडाला मेणकापड बांधायचं आणि नळी तोंड खाली करून ठेवायला हवालदाराला विनंती करायची. तेल मग बुडाशी न साचता तोंडाकडं येतं. हवालदार ऐकतो. तोही शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

सीमेवरच्या बंदुकीची आणखी एक पंचाईत परवान्यावरच छापलेली असते, ती म्हणजे हद्द. कोगनोळीजवळ रात्री डुकरांचा कळप कर्नाटकातल्या उसातून उठतो आणि पहाट व्हायच्या आत कागल तालुक्यात शेंगा उकरत असतो. त्याला सीमावादावरचा महाजन अहवाल माहीत नाही. बंदूकवाला बांधावर थांबतो. पलीकडच्या शेतात त्याच्याच चुलतभावाची शेंग आहे, आणि तो पलीकडून ओरडतोय, बार काढ म्हणून. आवाजाला हद्द नसते असा कायद्याचा अर्थ लावून हा इथूनच हवेत एक बार काढतो. डुकरं परत कर्नाटकात येतात. सीमाप्रश्नात इतकी तातडीची अंमलबजावणी दुसऱ्या कुठल्या पक्षाकडून झाल्याचं मला आठवत नाही.

खंडेनवमीला मात्र तिचा मान मोठा. विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, अलीकडं पाण्याची मोटर आणि ट्रॅक्टरची चावी, या सगळ्यांत ती मधोमध. आदल्या दिवशी पुन्हा आंघोळ, नळीत काजळी नसली तरी. दस्त्याला जवस, पितळेच्या पट्टीला चिंच. हळदकुंकू लावताना आज्जी नळीला लावायची नाही, दस्त्याला लावायची. कुंकवानं लोखंड डागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या कुरकुरीत ती सगळी विद्या शिकून बसली होती. आज्जा गेल्यावर परवाना मामाच्या नावावर होईपर्यंत बंदूक कायद्यानं जमा होती. ती परत आली त्या संध्याकाळी पाणी आज्जीनंच तापवलं, आणि मामाला विचारलं, “तो फवाऱ्याचा डबा कुठं ठेवलायस?” मामानं बिजागरीकडं बोट दाखवलं.

मामा आता पन्नाशी पार करून गेला आहे आणि गावातल्या चार-पाच बंदुकांची आंघोळ त्याच्याकडं असते. चिंधी चार बाय दोनची फाडतो. सुभेदार बघायला नाहीत.

सीमाभागातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर किंवा तुळईखाली अशी एखादी नळी अजून पडून असेल, वाडवडिलांची, परवान्याची, कित्येक वर्षं न उडालेली. दसरा जवळ आला की ती पुसायची हुक्की येते. तसं करण्याआधी एक काम जरूर करा. ती भरलेली आहे असंच धरून चाला. टोपी नाही ना एवढं बघा, तोंड माणसांपासून दूर धरा, आत डोकावू नका आणि फुंकू नका. गज हलकेच आत सोडा, तोंडाशी जिथं येतो तिथं बोटानं खूण धरा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून तेवढाच लावून बघा. गजाचं टोक बोंडापाशी पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडंच थांबलं तर आत कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी डुकरासाठी भरलेला बार तसाच आहे. जुनी दारू कोरडी असली तर म्हातारी होत नाही. अशा वेळी उकळतं पाणी नको, उपसाउपशी नको, चुलीजवळ तर अजिबात नको. परवाना सोबत घेऊन अधिकृत बंदूक दुरुस्तीवाल्याकडं न्या. आंघोळ चार दिवस उशिरा झाली तरी चालेल.